कानात बसलेला खर्ज

दोन कान एकाच माणसाचे असले तरी ते जुळे नसतात. बाहेरून पाळ्या सारख्या दिसतात. आत जाणारा बोळ मात्र डावीकडे निराळा, उजवीकडे निराळा. एक जरा रुंद तर दुसरा चपटा, एकाचं वळण लवकर येतं तर दुसऱ्याचं उशिरा. मोठ्या माणसाच्या कानातला हा बोळ जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीचा. त्याचा बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, म्हणून लवचीक. आतला हाडाचा, तिथे जरा जास्त स्पर्श झाला तरी दुखतं. या नागमोडी बोळात रबराची एक इवलीशी टोपी कशी बसते, त्यावर नव्या इअरफोनमधून काय ऐकू येणार हे ठरतं. आतल्या यंत्राची किंमत, खोक्यावरची चकचकीत वाक्यं, इतक्या हर्ट्‌झपासून तितक्या हर्ट्‌झपर्यंतचे आकडे, हे सगळं त्यानंतर.

हे मी ठामपणे म्हणते, कारण भजनातला पखवाज मी लहानपणापासून समोर बसून ऐकला आहे. तो कसा वाजतो हे कानाइतकंच छातीलाही माहीत असतं. आमच्या जळोचीत आता चहूकडे नवी घरं उठली, गाव बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत गेलं, तरी एकादशीचं भजन सुटलेलं नाही. त्यामुळे नवे इअरफोन कानात घालून पहिल्यांदा मी लावलं ते पखवाजाच्या साथीचं वारकरी भजनच. उजव्या, शाईच्या बाजूचे बोल खणखणीत आले. टाळ तर टोचावेत इतके पुढे आले. गाणाऱ्याचा आवाजही स्वच्छ. पण डाव्या पुडीची खर्जातली धूम नव्हती. तंबोरा लागला होता, पण तो गवयाच्या मागे उभा नव्हता. कुठेतरी लांब, पातळ, पाठबळ नसलेला.

धूम इअरफोनमध्ये होतीच. ती माझ्या कानात पोचायच्या आधी बाहेर गळत होती.

हे गळणं कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे. काळी एकमधला षड्ज म्हणजे सेकंदाला साधारण १३९ कंपनं. तंबोऱ्याची चौथी तार, खर्जाची, त्याच्या निम्म्यावर, ६९ च्या आसपास. अशा स्वराची हवेतली एक लाट मोजली तर ती पाच मीटर भरते. पाच मीटरची लाट अडीच सेंटिमीटरच्या बोळात मावणार कशी? मावतच नाही. बंद कानात खर्ज लाटेच्या रूपाने येत नाही, हवेच्या दाबाच्या रूपाने येतो. इअरफोनमधला पडदा पुढे सरकला की कोंडलेली हवा दबते, मागे गेला की सैलावते, आणि ही चढउतार कानाच्या पडद्यापर्यंत जाते. त्यासाठी हवा कोंडलेली असायला हवी. रबर आणि कातडी यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी दाब तिथून निसटतो. खर्जाच्या एका हेलकाव्याला चौदा-पंधरा मिलिसेकंद लागतात. एवढ्या अवधीत हवा आरामात बाहेर पडते. टाळांची कंपनं सेकंदाला हजारोंनी, त्यांना फट सापडायलाही वेळ नसतो. म्हणून गळतीत धूम जाते आणि टाळ राहतात, आणि ऐकणारा म्हणतो, हे इअरफोन कर्कश आहेत.

यात आणखी एक गंमत आहे. खर्जाची मूळ कंपनं गळून गेली तरी सूर चुकल्यासारखा वाटत नाही. त्या तारेतून निघणारे वरचे स्वर कानाला मिळतात आणि त्यांच्यावरून मेंदू खालच्या स्वराचा अंदाज बांधतो. खर्ज ओळखू येतो, पण भरत नाही. कितीतरी माणसं वर्षानुवर्षं असा पोकळ खर्ज ऐकत असतील आणि आपल्याला काही कमी मिळतंय याचा त्यांना पत्ताही नसेल. मला याची खरी हळहळ वाटते, कारण उपाय खोक्यातच पडून असतो.

खोक्यात तीन मापांची रबरं येतात. मधल्या मापाची आधीच चढवलेली असतात, आणि बहुतेकांची ती तशीच राहतात. बाकीची दोन जोड छोट्या पिशवीत, पिशवी खणात, खण बंद. ती पिशवी उघडावी. आधी दोन्हीकडे मोठं रबर लावून बघावं, मग एकेका कानाचा निकाल वेगळा करावा. माझ्या उजव्या कानाला मधलं बसतं, डाव्याला मोठं. इअरफोन घालताना विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वरच्या टोकाला धरायची आणि वर व किंचित मागे ओढायची. त्याने बोळाचं वळण सरळ होतं आणि रबर आत सरकतं. पाळी सोडली की कान आपणहून त्याला धरून ठेवतो. बसलं की नाही हे गाणं लावायच्या आधीच कळतं. बाहेरचा पंखा एकदम लांब जातो, आपलाच आवाज डोक्यात घुमायला लागतो. वायर असेल तर ती कानाच्या मागून वळवून आणावी. खाली सोडलेली वायर कपड्यांना घासते आणि ती खरखर थेट आत ऐकू येते.

फोमच्या टोप्याही मिळतात. त्या चिमटीत चोळून बारीक करायच्या, कानात सरकवायच्या आणि बोटाने अर्धा मिनिट दाबून धरायच्या. कानाच्या उबेने त्या फुलतात आणि बोळाच्या आकाराच्या होतात. रबर टिकतच नाही अशा कानांसाठी हा चांगला मार्ग आहे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात मात्र फोम घाम पितो, लवकर काळवंडतो, त्याचा जीव जातो. चैत्र-वैशाखात सिलिकॉनचं रबर बरं, रात्री धुऊन वाळत टाकता येतं. इअरफोनच्या तोंडावरची बारीक जाळी मळाने बुजली की एक बाजू हळू वाजू लागते आणि माणसाला वाटतं यंत्र बिघडलं. जाळी खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडली की बहुतेक वेळा आवाज परत येतो.

माप बरोबर मिळालं की खर्ज येतो. टाळांची टोच मात्र तेवढ्याने जात नाही. ती रबर किती आत गेलं यावर अवलंबून असते. रबराचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेचा एक छोटा स्तंभ उरतो आणि तो स्वतःच्या लांबीप्रमाणे एका पट्टीतला आवाज फुगवतो. हे अंतर दोन सेंटिमीटर असेल तर फुगवटा साडेआठ हजार हर्ट्‌झच्या आसपास पडतो, दीड सेंटिमीटर असेल तर साडेअकरा हजारांच्या. आठ-नऊ हजारांच्या पट्टीत टाळांची झणझण असते, ‘स’ आणि ‘श’ची धार असते. दोन-तीन मिलिमीटर आत सरकवल्यावर टाळ सौम्य झाले असं वाटतं ते याचमुळे; फुगवटा वर, फारसं काही नसलेल्या जागी निघून जातो. हव्यासाने खुपसू नये, दुखायला लागलं की थांबावं. काढतानाही हिसका देऊ नये, जरा फिरवून हवा आत येऊ द्यावी, नाहीतर ओढ पडद्यावर येते.

कानाच्या आत खोलवर बसणाऱ्या इअरफोनचं हे शास्त्र गाण्याच्या बाजारातून आलेलं नाही, ते बहिरेपणाच्या अभ्यासातून आलं. अमेरिकेतल्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीच्या मीड किलियन यांनी श्रवणयंत्रांवर काम करता करता १९९१ साली ईआर-४ हा इअरफोन बाजारात आणला. त्याचं तीन पदरी रबर बघून अनेकांना धडकी भरली असेल, इतकं ते आत जातं. पण कानाने स्वतः घडवलेला आवाज इअरफोनने कसा परत द्यायचा, हा प्रश्न त्यांनी नीट मांडला. उघडा कान ३,००० हर्ट्‌झच्या आसपासचे आवाज आपोआप वाढवतो, त्या बोळाच्या लांबीमुळेच. कान बुजवला की ती वाढ मोडते, आणि इअरफोनला ती भरून द्यावी लागते. पुढे हार्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो माणसांना ऐकवून कोणता समतोल बहुतेकांना आवडतो याची रेषा काढली. आज स्वस्त चिनी इअरफोनही त्या रेषेच्या आजूबाजूला घडवतात, म्हणून दीड-दोन हजारांत चांगला आवाज मिळू शकतो. पण ती रेषा अनेक कानांची सरासरी आहे. माझा डावा कान त्या सरासरीला बांधलेला नाही.

नवे इअरफोन पन्नास-शंभर तास वाजवून ‘मोकळे’ करावे लागतात असं सांगणारे भेटतात. माझं मत याच्या विरुद्ध आहे. यंत्रात या काळात होणारा बदल मोजला तर नगण्य निघतो. रबर दोन मिलिमीटर सरकल्याने होणारा बदल साध्या कानालाही कळतो. शंभर तासांत बदलतो तो ऐकणारा. त्याला नव्या आवाजाची सवय होते, आणि नकळत त्याची बोटंही रबर नीट बसवायला शिकतात.

या सगळ्या खटपटीत मला सारखी मिरज आठवत राहिली. एकोणिसाव्या शतकापासून तिथे तंबोरे आणि सतारी घडतात. त्यांचे भोपळे सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरच्या बाजूला पिकतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा कितीही सुंदर घडवला तरी तारा पेलणाऱ्या घोडीवर जवारी लागेपर्यंत तो मुका असतो. कारागीर घोडीचा माथा कानसेने जरा जरा घासत जातो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. मग गवई तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवतो. धागा जरा पुढे, जरा मागे, आणि एका नेमक्या जागी तार उघडते. तिच्यातून स्वरांची कमान वर चढायला लागते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या सुमारास या घोडीचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की तार ज्या जागी छेडली, त्या जागेमुळे जे उपस्वर उमटायला नकोत, तेही तंबोऱ्यात उमटतात. सपाट, किंचित उतरत्या घोडीवर तार दर कंपनाला जागा बदलत टेकते, त्याचा हा परिणाम. लाकूड, भोपळा, तार सगळं तेच. सुताच्या जागेवर सगळा फरक. कानातल्या रबराचं काम मला त्या धाग्यासारखं वाटतं. ते आवाज निर्माण करत नाही, असलेल्या आवाजाला जागा करून देतं. आणि जागा सापडल्याचं सांगणारं उपकरण दोन्हीकडे एकच, ऐकणाऱ्याचा कान.

रेकॉर्डमध्येच नसेल ते रबर कुठून आणणार, हेही खरं. विजेचा मायक्रोफोन येण्याआधी, म्हणजे १९२५ च्या अगोदर, गवई भोंग्यासमोर गात. त्या ध्वनिमुद्रणांत खर्ज जवळपास नसतोच. तिथे धूम शोधू नये. पण कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं नीट बसलेल्या इअरफोनवर ऐकावीत. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालेला हा गवई दोन ओळींच्या मध्ये श्वास कुठे घेतो, तो किती छोटा घेतो, आणि त्या छोट्या श्वासावर स्वर कसा फेकतो, हे खोलीतल्या स्पीकरवर मला इतकं जवळून कधी कळलं नव्हतं. तंबोऱ्याच्या भरलेल्या खर्जावर ती विश्रांतीही गाण्याचा भाग होऊन ऐकू येते.

जळोचीत शांतता शोधायची म्हणजे पहाटेच्याही आधी उठावं लागतं. बारामती बाजार समितीचा फळ-भाजीचा उपबाजार गावातच आहे. टेम्पो मागे घेतानाचा पीं-पीं, कॅरेट आपटल्याचा आवाज, लिलावाची ओरड, मग एमआयडीसीच्या पाळीला निघालेल्या मोटरसायकली. हा गावाच्या पोटापाण्याचा आवाज आहे, मला त्याचा राग नाही. पण त्याच्यात सैल बसलेल्या इअरफोनने गाणं ऐकायचं म्हणजे बाहेरचा गोंगाट झाकायला आवाज वाढवायचा, आणि गळालेला खर्ज मिळेल या आशेने आणखी वाढवायचा. खर्ज तरी येत नाहीच, वाढतात ते टाळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. तोच ९० डेसिबल झाला की मुभा ४ तासांवर येते. दर तीन डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा. नीट बसलेलं रबर बाहेरचा आवाज वीसेक डेसिबलने कमी करू शकतं. मग गाणं हळू लावूनही भरून ऐकू येतं. आमच्या घरातल्या पोरांना मी ‘आवाज कमी कर’ म्हणणं सोडलं आहे. मी त्यांचं रबर बदलून देते. आवाज ती आपणहून कमी करतात.

याच गळतीशी आमच्या घराची ओळख आधीपासून होती, ती सासूबाईंच्या श्रवणयंत्रामुळे. यंत्र घातलं की ते शिटी मारायचं. जेवताना जास्त, बोलताना जास्त. त्या कंटाळून काढून ठेवायच्या आणि मग घरात असूनही घराबाहेर असल्यासारख्या बसायच्या. शिटी वाजते ती यंत्रातून निघालेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा त्याच्याच माइकमध्ये शिरतो म्हणून. आणि जेवताना जास्त, कारण जबडा हलला की कानाचा बोळही आकार बदलतो. शेवटी त्यांच्या कानात मऊ लगदा भरून त्याचा ठसा घेतला आणि त्या ठशावरून त्यांच्याच कानाचा मोल्ड करून घेतला. शिटी थांबली. त्या पुन्हा पंगतीत बोलायला लागल्या, कुणाच्या बोलण्यात काय राहिलं ते टोकायला लागल्या. स्टेजवर गाणारे कलाकार हल्ली कानात जे घालतात तेही असंच ठसा घेऊन केलेलं असतं. जगातल्या मोठ्या गायकांची सोय आणि आमच्या सासूबाईंची सोय एकाच युक्तीवर चालते, याचा मला फार आनंद आहे.

बंद कानाला एक कुंपण मात्र घालावंच लागतं, ते रस्त्याचं. दिवाळीनंतर आमच्या आणि इंदापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कारखाने पेटले की रात्रभर दोन-दोन ट्रॉल्या ओढत ते जातात, आणि ट्रॅक्टरवरचा साऊंड अर्धा किलोमीटर आधी गावाला कळतो. त्या साऊंडवर अनेकजण वैतागतात. मला त्यात रात्र जागून काढणाऱ्या माणसाचा आधार ऐकू येतो. पण कानात रबर घट्ट बसवून चालणाऱ्याला तो साऊंडही कळत नाही आणि मागच्या ट्रॉलीचा खडखडाटही नाही. म्हणून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना इअरफोन डबीत. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीकडे निघते तेव्हाही तसंच. तेव्हा पखवाज रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत वाजत असतो.

आमच्या भजनात पखवाज वाजवणाऱ्या आप्पांना मी हे इअरफोन ऐकवले ते सहज म्हणून. वय सत्तरीच्या पुढे, हाताला कणकेची सवय. भजनाआधी ते परातीतून कणकेचा गोळा घेतात, डाव्या पुडीच्या मधोमध थापतात, थाप मारून ऐकतात, चिमूटभर काढतात, पुन्हा थापतात. धूम मनासारखी उतरल्याशिवाय ते गायकाकडे बघतसुद्धा नाहीत. मी लावून दिलेलं भजन त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

“ताई, ह्याच्यात धूम कुठाय? नुसती शाईच वाजतीया.”

“आहे आप्पा. कानात बसली नाही अजून.”

मी मोठं रबर चढवलं. त्यांना पाळी वर धरायला सांगितली. उजवीकडे बसलं, डावीकडे काही केल्या राहीना. त्यांच्या कानात केस दाट, रबर घसरत होतं. मग फोमची टोपी काढली, चोळून बारीक केली आणि आत सरकवून बोटाने दाबून धरायला लावली. ते डोळे मिटून बसले. फोम फुलत गेला तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. डावा हात मांडीवर आपोआप पडला, बोलाच्या जागेवर.

“आली की,” ते मोठ्याने म्हणाले. कान बंद असल्यावर सगळेच मोठ्याने बोलतात. “पर ह्यानं कणीक जास्ती लावलीया. बोल उठंना. थोडी काढायला पायजे व्हती.”

पुढचं भजन त्यांनी मागितलं, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक पखवाजीच्या कणकेवर त्यांचं मत होतं, आणि मी परत ऐकून बघितलं तेव्हा ते प्रत्येक ठिकाणी मला पटलं. शेवटी त्यांनी इअरफोन सावकाश फिरवून काढले, फोमच्या टोपीकडे बघितलं आणि विचारलं, “आपलं भजन ह्याच्यात घेता येतंय का?”

“मोबाइलवर घेऊ की. येत्या एकादशीला.”

“मग मोबाइल गवयाच्या म्होरं ठिवू नका. माझ्या डाव्या अंगाला ठिवा. आन् दोनदा घ्या. एकदा कणीक हाय तशी, एकदा जरा कमी करून. बघू द्या मला, एवढी वर्षं लोकास्नी काय ऐकवलं ते.”